कामाची ओढ आणि कामावरचा शब्द

माणूस मन लावून काम का करतो, या प्रश्नावर शंभर वर्षांत निघालेली बहुतेक पुस्तके कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतात आणि साहेबाच्या खोलीत संपतात. सडक अर्जुनीसारख्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात राहून मी ती वाचली. माझे मत तेव्हा बनले आणि आजही तेच आहे : कामाच्या आखणीत आणि मिळकतीच्या वाटणीत करणाऱ्याचा शब्द चालतो, तिथेच कामाची ओढ टिकते.

टेलरचे घड्याळ, हॉथॉर्नचे दिवे, मॅग्रेगरचे क्ष आणि य वाचकांना पाठ आहेत. व्रूमची १९६४ ची समीकरणे परीक्षेपुरती ठीक. मॅक्लेलंडने काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांमध्ये यशाची आकांक्षा जागवून पाहिली, पण तो प्रयोग धंदेवाल्यांवर होता. हर्झबर्गने पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारून १९५९ साली पुस्तक काढले. खरे समाधान कामातून आणि जबाबदारीतून येते, हा त्याचा निष्कर्ष मला पटतो. रोजीवर जाणाऱ्या बाईला मात्र त्याने विचारले नव्हते.

मॅस्लोवरून काही विद्वानांशी माझे जुने भांडण आहे. ते पिरॅमिड काढतात आणि सांगतात, मजुराला आधी पोट, मानाचे नंतर बघू. मॅस्लोच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिड नाही. तो पुढे इतरांनी काढला. गरजांचा क्रम ताठर नसतो, एक पुरती भागण्याआधीच दुसरी जागी होते, हे त्याच लेखात आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा धान कापणारा गडी रात्री दंडारीत, म्हणजे आमच्या लोकनाट्यात, उभा राहतो. त्याचे पोट भरेपर्यंत त्याची कला थांबली असती, तर झाडीपट्टीची रंगभूमी जन्मालाच आली नसती.

माझा जीव ज्यात गुंतला तो प्रयोग अहमदाबादचा. कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसले, तरी अपेक्षेइतके काम निघेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस तिथे आला. २२४ मागांवर २९ माणसे होती, कामे बारा प्रकारची. जो तो आपल्या तुकड्यापुरता, पूर्ण मागाचा धनी कुणीच नाही. ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एका छोट्या गटावर सोपवावी, असे राइसने सुचवले. कामगारांनी ती कल्पना लगेच उचलली आणि गट स्वतःच जमवले. थोड्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. १९५८ साली राइसचे पुस्तक आले. ते वाचताना मला आमची गुत्त्याची, म्हणजे ठेक्याने घेतलेली, धानाची रोवणी आठवत होती. बाया आपली टोळी आपण जमवतात, बांधी बघून दर ठरवतात, पऱ्हे (रोपे) कोण खणणार आणि चिखलात कोण उतरणार ते आपसांत ठरते, पैसेही आपसांत वाटले जातात. त्याच बाया रोजीवर आल्या की हात संथ चालतो. त्यांना आळशी म्हणणाऱ्या शेतकऱ्याने दोन्ही दिवस बांधावर उभे राहून पाहावे.

तेंदूपत्त्याचेही तेच. मे महिन्यात पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर मांडायची. ठेकेदाराच्या काळात मुन्शी मोजी, खराब म्हणून पुडकी बाजूला काढी, आणि त्याच्यापुढे बोलायची सोय नसे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र बदलू लागले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पुढे गोंदिया-गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करायला घेतली. पान तेच, ऊन तेच. पण हिशेब आता गावाला मागता येतो. माझ्या मते राइसचा धडा इथे गिरणीपेक्षा पुढे गेला.

आणि आज? प्रेरणेचा बाजार भरला आहे. सभागृहात वक्ता दोन तास बोलतो, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी कामगार त्याच पाळीवर, त्याच मुकादमापुढे. शिक्षणातही तेच. पूर्वी माझ्या वर्गातले विद्यार्थी रोवणीत बांधावर येऊन बायांना प्रश्न विचारत. आताचे विद्यार्थी पिरॅमिड पाठ करून पदवी घेतात. ज्यांच्या कामाबद्दल शिकायचे, त्यांनाच न भेटता मिळालेली ती पदवी मला पोकळ वाटते.

ज्यांच्या हाताखाली चार माणसे राबतात, त्या वाचकांना एवढीच विनंती. दिवाळीचा बोनस द्याच, तो त्यांचा हक्क आहे. पण पुढच्या हंगामाचे काम कसे वाटायचे आणि दर काय धरायचा, हे ठरवताना त्यांनाही बरोबरीने बसवा.