हॉर्नचं तेल

रविवारी सकाळी आमच्या चिंचवडच्या गल्लीत तीन-चार जुन्या चेतक स्कूटर ओळीनं उभ्या असतात. मालक सगळे कारखान्यातले. कुणी आकुर्डीतून निवृत्त झालेले, कुणी अजून चाकणला शिफ्टला जाणारे. हातात पाना, बाजूला चहा आणि तोंडी एकमेकांच्या गाडीची टवाळी. "चाचा, तुमच्या गाडीचा हॉर्न सोडून सगळं वाजतं!" चाचा म्हणतात, "म्हणून तर हॉर्नची गरज पडत नाही."

चेतक ही थट्टेसाठीच जन्मलेली गाडी. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार 1971 साली संपला आणि 1972 मध्ये बजाजनं स्वतःची चेतक आणली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण हा घोडा आधी आडवा करावा लागे, मग तो उठे! त्याला कारण होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या इंजिनात पेट्रोल नीट पोहोचत नसे. कलती केली की थोडं जास्तीचं आत उतरे आणि किक लागे. जास्तच उतरलं तर प्लग ओला, मग बसा पुसत. पुढे ती बंद झाली. 2019 साली चाकणच्या कारखान्यातून विजेवरची चेतक बाहेर पडली, तेव्हा चाचांचा पहिला प्रश्न होता, "आता कलती केली तर काय सांडणार, करंट?"

अशा थट्टेनं कुणाचं काही बिघडत नाही. पण माझा एक विद्यार्थी दहावीनंतर गॅरेजमध्ये शिकायला लागला, त्याची गोष्ट वेगळी झाली. पहिल्याच आठवड्यात त्याला 'हॉर्नचं तेल' आणायला पाठवलं. हॉर्नमध्ये विजेनं एक पातळ पडदा थरथरतो, त्याला तेल कसलं? पण नवख्याला काय माहीत! दुकानदारही सामील. एकानं दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. रमजानचे दिवस, पोराला रोजा. दोन तासांनी रिकाम्या हातानं परतला तेव्हा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ निघत होता.

खरा घोळ पुढे झाला. काही दिवसांनी उस्तादनं टॉर्क पाना मागितला. नट नेमका किती आवळला ते सांगणारा तो पाना खरोखरच असतो. पोरगा नुसता हसत उभा राहिला. त्याला वाटलं, परत फसवतायत. उस्ताद वैतागले आणि चाकाचे नट अंदाजानंच आवळून गाडी बाहेर गेली. त्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब बसणार होतं.

तो माझ्याकडे आला, "टीचर, आता काहीच विचारावंसं वाटत नाही," म्हणाला. मी त्याला चाचांकडे नेलं आणि तिर्मिजी व अबू दाऊदमधली हदीस सांगितली. एका माणसानं प्रेषितांकडे (स.) स्वारीसाठी जनावर मागितलं. तुला उंटिणीच्या पिल्लावर बसवतो, असं त्यांनी म्हणताच तो हिरमुसला; पिल्लू घेऊन करू काय? त्यावर त्यांनी विचारलं की, मोठा उंटसुद्धा उंटिणीचंच पिल्लू नसतो का? थट्टा वाहनाचीच, पण शब्द खरा, आणि माणूस वाहन घेऊन गेला. थट्टेतही आपण खरंच बोलतो, असं त्यांनी सहाबांना सांगितल्याचंही तिर्मिजीत आहे.

चाचा ऐकत होते. शेजारी उभ्या मोटारीकडे बोट करून म्हणाले, "बेटा, गावभर फिरतं पण स्वतः कधी फिरत नाही, असं चाक या गाडीतून काढून दाखव."

पोरानं चारही चाकं न्याहाळली, डोकं खाजवलं आणि मग डिकी उघडली. स्टेपनी! चाचांनी लगेच त्या शब्दाची कहाणी सांगितली: वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर 1904 च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवायला घेतलं, गल्लीचं नाव चाकाला चिकटलं. तिकडे लोक ते विसरले, आपल्याकडे मात्र टिकलं.

पोरगा म्हणाला, "चाचा, गल्लीचं नाव चाकाला? ही पण थट्टाच ना?"

"नाही रे, हे खरं आहे."

"मग टॉर्क पाना पण दाखवा."

चाचा घरात गेले आणि पेटी घेऊन आले.