घरगुती क्रॅनबेरी सॉस आणि रस

क्रॅनबेरी सॉस आणि क्रॅनबेरीचा रस हे उत्तर अमेरिकेत घरी तयार करून काचेच्या बरण्यांत हवाबंद साठवले जाणारे पदार्थ होत. क्रॅनबेरी (वॅक्सिनियम मॅक्रोकार्पन) हे पाणथळ जमिनीत वाढणाऱ्या सरपटत्या झुडपाचे आंबट-तुरट लाल फळ आहे. विस्कॉन्सिन व मॅसॅच्युसेट्स ही अमेरिकेतील त्याची प्रमुख उत्पादक राज्ये आहेत. फळे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये काढली जातात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीच्या मांसासोबत हा सॉस वाढतात. भारतात करवंदालाही कधीकधी क्रॅनबेरी म्हटले जाते. परंतु ते वेगळ्या कुळातील फळ असल्याने येथील प्रमाणे व वेळा त्याला लागू होत नाहीत.

कृती

अख्ख्या फळांच्या सॉससाठी ८ कप क्रॅनबेरी, ४ कप साखर व ४ कप पाणी असे प्रमाण घेतात. साखर-पाणी ५ मिनिटे उकळून त्यात फळे घालतात आणि त्यांच्या साली फुटेपर्यंत न ढवळता शिजवतात. फळात पेक्टिन मुबलक असल्याने सॉस निवताना आपोआप घट्ट होतो. फार वेळ शिजवल्यास मात्र पेक्टिनची आळवण्याची शक्ती घटते. रसासाठी फळे पाण्यात मऊ शिजवून फडक्यातून गाळतात. फडके पिळल्यास रस गढूळ होतो. आम्लाची धातूशी प्रक्रिया होऊ नये म्हणून ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचे पातेले वापरतात.

गरम सॉस गरम बरणीत भरून वर अर्धा इंच जागा मोकळी ठेवतात, काठ पुसून झाकण लावतात आणि बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवतात. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत १५ मिनिटे, ६,००० फुटांपर्यंत २० मिनिटे आणि त्याहून उंचावर २५ मिनिटे उकळणे आवश्यक असते, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. रसाच्या वेळा निराळ्या असतात.

आम्लता आणि सुरक्षितता

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. हवाबंद बरणीतील प्राणवायूविरहित वातावरणात ते रुजल्यास प्राणघातक विष तयार होते आणि ते वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असलेल्या पदार्थात हे बीजाणू रुजत नाहीत. क्रॅनबेरीचा सामू सुमारे २.३ ते २.५ असतो, म्हणूनच भाज्या व मांस यांना लागणारा दाबयुक्त कुकर येथे लागत नाही. उकळण्याने बुरशी व किण्व नष्ट होतात, बरणीतील हवा बाहेर पडते आणि निवताना निर्वात पोकळी तयार होऊन झाकण घट्ट बसते.

साखरेमुळे हा सॉस सुरक्षित राहतो, हा समज चुकीचा आहे. साखर कमी केल्यास सॉस पातळ होतो व रंग लवकर उतरतो, एवढेच. खरा धोका कांदा, लसूण किंवा सुकामेवा मनाने घालण्यात असतो, कारण त्यांनी आम्लता घटू शकते. तोंडावर मेण ओतून बरणी बंद करण्याची किंवा गरम बरणी उलटी ठेवण्याची जुनी पद्धतही आता सुरक्षित मानली जात नाही.

साठवण

बरण्या १२ ते २४ तास न हलवता निवू देतात. झाकणाचा मध्यभाग आत दबलेला नसल्यास ती बरणी शीतकपाटात ठेवून लवकर संपवतात. पुढे साठवणीत झाकण फुगलेले, गळत असलेले किंवा सैल आढळल्यास पदार्थ चाखून न पाहता फेकून देतात.