चेक वटला, हक्क बुडाला : अ‍ॅटिका तुरुंगात मेलेल्या अकरा कर्मचाऱ्यांची हकिगत

कचेरीत माझे टेबल हिशेब विभागात आहे. नवरा नोकरीत असताना वारला म्हणून या टेबलापुढे येऊन उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला. बरोबर दीर किंवा भाऊ. पहिला प्रश्न बहुधा ठरलेलाच, "भाऊ, सही कुठं करायची?" कागदात काय लिहिले आहे, असे विचारणारी क्वचितच भेटते. एका ताईंना मी म्हटले, "आधी वाचून घ्या, नाहीतर मी वाचून दाखवतो." त्या म्हणाल्या, "वाचून काय करू भाऊ? घरात पीठ संपलंय."

त्या ताईंचे हे उत्तर मी विसरलो नाही. अमेरिकेतील अ‍ॅटिका तुरुंगाची हकिगत वाचली तेव्हा ते पुन्हा आठवले. कर्तव्यावर असताना मेलेल्या तुरुंग कर्मचाऱ्यांच्या बायकांना तिथल्या सरकारने घरपोच चेक दिले आणि त्या चेकनेच त्यांचा हक्क बुडाला. सात समुद्रापलीकडची असली तरी ही गोष्ट आपल्या घरातल्या माणसांनी, विशेषतः माता-भगिनींनी, ऐकावी अशी आहे.

काही बांधव म्हणतील, तुरुंगाच्या शिपायाचे दुःख आपण कशाला करायचे? आपला समाज तर गजाच्या आतल्या बाजूला जास्त दिसतो. शंका रास्त आहे. अ‍ॅटिकाच्या कैद्यांशी तर आपले नावाचे नाते आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून. आणि त्याच ब्लॅक पँथरचे नेते बॉबी सील हे आदल्या वर्षी अ‍ॅटिकाच्या कैद्यांशी बोलायला तुरुंगात गेले होते. तरीही ही हकिगत दोन्ही बाजूंनी पाहिली पाहिजे. गजाच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे गरिबांचीच पोरे होती.

चार दिवसांचे बंड

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, बफेलो शहराच्या पूर्वेला, अ‍ॅटिका नावाचे लहानसे गाव आहे. १९३१ साली तिथे मोठा तुरुंग सुरू झाला. गावातल्या नि आसपासच्या घरांतली गोरी माणसे या तुरुंगात नोकरीला. १९७१ साली आत सुमारे २,२०० कैदी होते. त्यातले निम्म्याहून अधिक काळे, त्याशिवाय काही पोर्टो रिकोचे, बरेचसे शहरातल्या गरीब वस्त्यांतून आलेले. पहारा करणारे जवळजवळ सगळे गोरे. कैद्याला आठवड्यातून एकदा अंघोळ आणि महिन्याला शौचाच्या कागदाची एक गुंडाळी. नव्या शिपायांना धड प्रशिक्षणही नव्हते. ज्येष्ठतेप्रमाणे जुने लोक आपल्याला हवी ती कामे मागून घेत. त्यामुळे कैद्यांशी रोज तोंडाला तोंड द्यायचे काम बहुधा नव्या, कोवळ्या पोरांच्या वाट्याला येई.

९ सप्टेंबर १९७१ रोजी सकाळी भडका उडाला. तुरुंगाच्या मधोमध चार वाटा मिळतात त्या जागेला 'टाइम्स स्क्वेअर' म्हणत. तिथल्या लोखंडी दाराचे वेल्डिंग सदोष होते. कैद्यांच्या रेट्याने ते निखळले आणि जमाव आत घुसला. तिथे पहाऱ्यावर असलेल्या विल्यम क्विन या २८ वर्षांच्या शिपायाला जबर मारहाण झाली. नंतर कैद्यांपैकीच काही जणांनी त्याला गादीवर घालून दारापर्यंत पोचवले.

सुमारे १,३०० कैद्यांनी 'डी' चौक ताब्यात घेतला. चाळीसच्या आसपास कर्मचारी त्यांनी ओलीस ठेवले. काळ्या मुसलमान कैद्यांनी त्या ओलिसांभोवती कडे केले आणि त्यांना मारहाण होऊ दिली नाही. मग वाटाघाटी सुरू झाल्या. वकील, पत्रकार, लोकप्रतिनिधी मध्यस्थ म्हणून आत गेले. तुरुंग खात्याचे प्रमुख रसेल ऑस्वल्ड यांनी २८ मागण्या मान्य केल्या. घोडे अडले ते एकाच मागणीवर, बंडाबद्दल कुणावर खटला भरू नये. ११ सप्टेंबरला क्विन इस्पितळात वारला. आता खुनाचा आरोप कुणाच्याही डोक्यावर येऊ शकत होता. त्यामुळे कैदी ही मागणी सोडीनात आणि सरकार ती देईना.

ओलिसांत एडवर्ड कनिंगहॅम नावाचा सार्जंट होता, आठ मुलांचा बाप. त्याने टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यापुढे गव्हर्नरला विनवले, की माफी द्या, नाहीतर आम्ही मेलो. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी तुरुंगाशी स्वतः येऊन बोलावे, असे मध्यस्थांनीही परोपरीने सांगितले. रॉकफेलर आले नाहीत.

गोळ्या कुणाच्या होत्या?

१३ सप्टेंबर, सोमवार. सरकारने शेवटचा निरोप धाडला. कैद्यांनी काही ओलिसांना वरच्या पुलावर आणून उभे केले, त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, गळ्याशी सुरे धरले होते. सकाळी पावणेदहाच्या सुमारास हेलिकॉप्टरने अश्रुधूर सोडला आणि भोवतालच्या छपरांवरून गोळीबार सुरू झाला. पोलिसांबरोबर तुरुंगाचे शिपाईही गोळ्या झाडत होते. पुष्कळांच्या हातात छऱ्यांच्या बंदुका होत्या. या बंदुकीच्या एका काडतुसातून अनेक छर्रे सुटतात आणि पसरत जातात. धुरात, गर्दीत, कैदी कोण आणि कर्मचारी कोण हे छऱ्याला कुठे कळते?

या गोळीबाराने २९ कैदी आणि १० ओलीस मेले. काही जागच्या जागी, काही नंतर. क्विन आणि बंडाच्या दिवसांत इतर कैद्यांनी मारलेले तीन कैदी धरून एकूण आकडा ४३ झाला. मेलेल्या अकरा कर्मचाऱ्यांत सगळेच पहारेकरी नव्हते. हर्बर्ट जोन्स आणि एलन वर्नर हे दोघे हिशेब खात्यातले होते. माझ्यासारखेच खतावणी लिहिणारे. ते वाचताना माझे बोट त्या नावांवर बराच वेळ थांबले.

त्याच दिवशी सरकारी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितले, की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते छापले. गावात संताप उसळला. दुसऱ्या दिवशी रॉचेस्टरचे शवचिकित्सक डॉ. जॉन एडलँड यांनी प्रेते तपासून जाहीर केले, की आपल्याकडे आलेला प्रत्येक ओलीस गोळीने मेला आहे, एकाचाही मृत्यू गळा चिरून झालेला नाही. कैद्यांकडे तर बंदूक नव्हतीच. म्हणजे ही माणसे मेली ती त्यांना सोडवायला आलेल्यांच्याच गोळ्यांनी.

डॉक्टरांचे म्हणणे सरकारला पटेना. त्यांना कम्युनिस्ट ठरवण्यात आले. वास्तविक ते विचारांनी जुन्या वळणाचे, गव्हर्नरच्याच पक्षाचे. सरकारने दुसरे तज्ज्ञ बोलावले, त्यांनीही तेच सांगितले. डॉ. एडलँड यांना शिव्याशाप सोसावे लागले, पण त्यांनी आपला अहवाल फिरवला नाही. पदावर बसलेल्या माणसाने खरे लिहायचे ठरवले तर तो काय करू शकतो, हे या डॉक्टरांनी दाखवून दिले.

घरी आलेला चेक

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रेते पुरली, झेंडे अर्ध्यावर आले, भाषणे झाली. मग सरकारकडून विधवांच्या हाती भरपाईचे चेक आले. रकमा लहानच होत्या. जखमी होऊन जगलेल्या ओलिसांना सांगण्यात आले, सहा महिने घरी राहा, पगार मिळत राहील. पोरेबाळे लहान, कमावता माणूस गेलेला. बहुतेकींनी चेक वटवले.

पण त्या राज्याचा कायदा असा होता, की कामगार भरपाईची रक्कम एकदा स्वीकारली की सरकारवर दावा लावण्याचा हक्क संपला. दोन्हीपैकी एकच मार्ग धरायचा, आणि चेक वटवला म्हणजे तो मार्ग तुम्ही धरला. हे त्या बायकांना कुणी समजावून सांगितले नाही. जखमींच्या 'पगारा'चेही तसेच झाले, तीही भरपाईच होती. पुढे त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले तेव्हा त्यांच्यापुढे त्यांचेच वटवलेले चेक ठेवण्यात आले.

एक बाई मात्र बचावली. हिशेब खात्यातल्या हर्बर्ट जोन्सची तरुण विधवा, लिंडा जोन्स. वकिलाच्या सल्ल्याने तिने चेक वटवला नाही. ती सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. खटला वर्षानुवर्षे चालला. १९८० च्या दशकात निकाल तिच्या बाजूने लागला, सरकारने गरजेपेक्षा जास्त बळ वापरले असे न्यायालयाने म्हटले, आणि व्याज धरून दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम तिला मिळाली. तोच तुरुंग, तीच सकाळ, तशाच गोळ्या. इतर बायकांना चिल्लर मिळाली आणि हिला न्याय. फरक एका न वटवलेल्या चेकचा होता.

क्विनच्या खुनाबद्दल एका कैद्याला १९७५ साली दोषी ठरवण्यात आले. १९७६ च्या अखेरीस गव्हर्नर ह्यू केरी यांनी सगळ्या प्रकरणावर पडदा टाकला. गोळ्या झाडून ३९ माणसे मारली गेली, त्याबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही.

विसरलेल्यांनी स्वतःच आठवण ठेवली

कैद्यांनी १९७४ साली दावा लावला होता. २००० साली तडजोड झाली, कैद्यांना ८० लाख डॉलर आणि वकिलांना ४० लाख. कर्मचाऱ्यांच्या घरांना मात्र काहीच नव्हते. तेव्हा त्या घरांतली मुले-माणसे एकत्र आली. विल्यम क्विन गेला तेव्हा त्याची थोरली मुलगी डीअ‍ॅन पाच वर्षांची होती आणि तिची आई तिसऱ्या बाळंतपणाची वाट पाहत होती. ती डीअ‍ॅन आता पुढे आली. 'अ‍ॅटिकाचे विस्मृत बळी' अशा अर्थाच्या नावाची संघटना त्यांनी काढली. मागण्या पाच : भरपाई द्या, माफी मागा, सरकारी दप्तर उघडा, मानसिक उपचारांची सोय करा, आणि दरवर्षी १३ सप्टेंबरला तुरुंगापाशी स्मृतिसभा घेऊ द्या.

या लढ्यात त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले? फ्रँक स्मिथ, ज्यांना 'बिग ब्लॅक' म्हणत. हे बंडातले कैदी. तुरुंग परत घेतल्यावर शिपायांनी त्यांचे अनन्वित हाल केले होते. कैद्यांचा दावा अनेक वर्षे त्यांनीच रेटला होता. त्या माणसाने शिपायांच्या विधवा-पोरांनाही न्याय मिळावा म्हणून जाहीर साथ दिली. ज्याच्या अंगावर वळ होते, तो वळ उठवणाऱ्यांच्या घरच्यांसाठी बोलला. वैराने वैर शमत नाही, हे आपण विहारात ऐकतो. त्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

२००५ साली राज्याने या कुटुंबांना १ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. स्मृतिसभेचा हक्कही मिळाला. माफीचा शब्द मात्र त्या करारात नव्हता. बंडाला ५० वर्षे झाली त्या २०२१ साली डीअ‍ॅन क्विन मिलर यांनी बापाबद्दल आणि या लढ्याबद्दल पुस्तक लिहिले.

तुरुंगाच्या दारात अकरा कर्मचाऱ्यांच्या नावांचा दगड आहे. दगड उभा करायला फार पैसा लागत नाही. हा माणूस कुणाच्या गोळीने मेला, त्याच्या बायकोला काय देणे होते, ते दिले का, हे लिहून ठेवायला मात्र चौतीस वर्षे भांडावे लागले, आणि तेही मेलेल्यांच्या पोरांना.

म्हणून माता-भगिनींना एवढेच सांगणे. आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर बाईच्या हातात न देता आयुक्तांकडे भरावी असे घातले होते. कारण दुःखातल्या माणसाची सही सहज मिळते, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तुमच्यापुढे असा प्रसंग न येवो. आलाच, तर कागद हातात घेऊन म्हणा, "उद्या येते." रात्री शिकलेल्या मुलाला-मुलीला वाचायला सांगा, युनियनच्या माणसाला दाखवा, वकिलाला विचारा. त्या रात्रीपुरते पीठ शेजारणीकडून मागून आणा. वस्तीत कुणी नाही म्हणणार नाही.

आणि शेजारी अशी वेळ आलेली बाई असेल, तर तिच्याबरोबर कचेरीत आपण जायचे आहे. टेबलाच्या अलीकडे एक माणूस तिच्या बाजूचा असला, म्हणजे पलीकडच्यालाही नीट वाचून दाखवावे लागते. मी पलीकडे बसतो, म्हणून सांगतो.