आधी पदक की आधी वर्दी? बीडच्या दोन खेळाडूंचा मागोवा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश आरमारात आणि पलटणींत खेळांना मोठा मान होता. होड्यांच्या शर्यती, बॉक्सिंग, धावणं यांत जिंकणाऱ्याला ब्राँझचं किंवा चांदीचं छोटंसं पदक मिळायचं. त्या काळी बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, समुद्रापासून दूर. त्या पदकांशी बीडचं नातं जुळण्याचं कारणच नव्हतं. पण फौजेत खेळाडू घडवण्याची रीत स्वतंत्र भारताच्या लष्करातही चालू राहिली आणि बीडला तिचं फळ अलीकडच्या काळात मिळालं.

सुरुवात मात्र तालमीतून झाली. पाटोद्याचा कुस्तीगीर राहुल आवारे पुण्याला गेला, हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली तयार झाला. २००८ मध्ये पुण्यातल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं. त्यानंतर दशकभर थांबावं लागलं. २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून त्याने राष्ट्रकुल सुवर्ण घेतलं, तर २०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचं ब्राँझ. पुढे तो राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाला. म्हणजे आधी पदक, मग वर्दी.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा क्रम उलटा. घरची बेताची परिस्थिती, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो ५ महार बटालियनमध्ये शिपाई म्हणून भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. २०१५ मध्ये लष्करातल्या क्रॉस-कंट्रीपासून त्याचं खऱ्या अर्थाने धावणं सुरू झालं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते २०१७ मध्ये.

ही शर्यत ३,००० मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. पुरुषांच्या शर्यतीत अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. हर्डल्समधला अडथळा पाय लागला तर आडवा होतो, हा जाड लाकडी ओंडका हलत नाही. पाय अडकला की माणूसच पडतो.

२०१८ ला भुवनेश्वरमध्ये साबळेने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटने त्याला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकलं. तरी ते रौप्य सुवर्णाच्या तोडीचं होतं, कारण १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियालाच जात होती. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने सुवर्ण जिंकलं, शिवाय ५,००० मीटरचं रौप्यही. पुढच्या वर्षी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ असा विक्रम केला. सहा वर्षांत वीस सेकंदांची सुधारणा! त्याच वर्षी ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला, तिथे अकरावा आला. मे २०२५ मध्ये गुमीला आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण मिळालं आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा दुखावला.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक होते. साबळे खेळाडू म्हणून फौजेत गेला नव्हता, नोकरीसाठी गेला होता. त्याच्यातला धावपटू सापडायला फौजेला काही वर्षं लागली आणि तेवढा वेळ तिच्याकडे होता. २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम करण्याची तरतूद आहे. साबळेचा पहिला राष्ट्रीय विक्रम भरतीनंतरच्या चार वर्षांत बसत नाही. नाव कमावलेल्या खेळाडूंना फौजेची दारं वेगळ्या भरतीतून उघडी आहेतच. प्रश्न आहे तो अजून नाव न झालेल्यांचा.

बीडच्या रस्त्यांच्या कडेने पहाटे धावणारी पोरं आजही भरतीसाठीच धावतात. त्यांच्यातला पुढचा साबळे आता पलटणीऐवजी तालुक्यातच हेरावा लागेल. त्यासाठी सिंथेटिक ट्रॅक आणि पूर्णवेळ प्रशिक्षक ही सत्काराच्या हारांपेक्षा जास्त तातडीची गरज आहे.