फुकट शिबिराला लोक का जात नाहीत?

आमच्या वस्तीतील एक आजी रविवारी विहारात वंदना झाली की धम्मग्रंथ वाचून दाखवीत. आता त्या नुसत्या ऐकत बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मध्यंतरी जवळच मोफत शिबिर झाले. तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, पण शस्त्रक्रियेला आजी गेल्याच नाहीत. विचारले तर म्हणाल्या, "सोबत कोण येणार? पोराचे दोन खाडे पडतात."

आजींचे हे उत्तर तामिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने फार पूर्वीच ऐकले होते. डॉ. जी. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अवघ्या ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. खेड्यांत शिबिरे घेतली, शस्त्रक्रिया फुकट ठेवली, तरी बरेच रुग्ण येईनात. चौकशी केली तेव्हा कळले की बसभाडे, जेवण, बुडणारी मजुरी आणि सोबतीचा माणूस, एवढ्यावर सगळे अडत होते. मग रुग्णालयाने रुग्णांना गावातून बसने नेणे-आणणे, जेवण आणि राहण्याची सोय केली.

एवढा पैसा आला कुठून? देणगीवर रोजचा गाडा चालवायचा नाही, असे त्यांनी ठरविले होते. ज्याला परवडते तो पैसे देतो, त्याला खोली मिळते. ज्याला परवडत नाही तो सामान्य कक्षात राहतो. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. कुठे जायचे ते रुग्णच ठरवितो. डॉक्टर मात्र दोन्हीकडे तेच, पाळीपाळीने. आम्हाला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. गरिबाला शिकाऊ हात आणि श्रीमंताला कसलेला हात, हा भेद आपल्या लोकांनी पुष्कळ सोसला आहे.

काम चालते ते असे: डॉक्टर एका टेबलावर शस्त्रक्रिया करीत असतात, तोवर शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. डॉक्टरचा वेळ वाया जात नाही. बाकीची बहुतेक कामे खेड्यातून आणून शिकविलेल्या मुली करतात. (खर्च आटोक्यात राहतो तो बराचसा या मुलींच्या कष्टावर, हे कामगार वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

अडचण उरली होती भिंगाची. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग हजारो रुपयांना पडे. गरिबाला ते न बसविता जाड चष्मा देऊन घरी पाठवीत. १९९२ साली अरविंदने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग काहीशे रुपयांत तयार होऊ लागले. आज ते परदेशातही विकले जाते. स्वस्त विकूनही धंदा बुडाला नाही, कारण गिऱ्हाईक लाखोंनी होते. त्यांना तोवर कोणी गिऱ्हाईक मानलेच नव्हते, एवढेच.

आपल्याकडे एक रुपयाची शांपूची पुडी खपते, म्हणून कंपन्या गरिबांची सेवा केल्याचे सांगतात. पुडीने गरज भागते, नाही असे नाही. पण बुडणाऱ्या रोजाचा हिशेब त्यात कोणी केलेला नसतो.

वस्तीत पुढचे शिबिर भरेल तेव्हा आयोजकांना आधी विचारा: नेणे-आणणे कोणाकडे? भिंग बसविणार ना? पट्टी काढल्यावर पुन्हा तपासणी कुठे? आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची आता गरज नसते, हेही घरातील वडीलधाऱ्यांना सांगा. आमच्या आजींच्या सोबतीला महिला मंडळातील दोघी पाळीने जाणार आहेत.