काखेत कळसा : आपल्या गावची पब्लिक लायब्ररी



माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आले ते नेमके नोव्हेंबरात. आम्ही दोघे सकाळी साडेसातला घराबाहेर, मुले शाळेत, बाहेर बर्फ. पुण्यात रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस इथे खिडकीपाशी बसून समोरच्या घराचे गॅरेजचे दार किती वेळा उघडते ते मोजू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी परतीचे तिकीट अलीकडे आणता येईल का, असे विचारले. जेवण कमी झाले होते, रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी गोळी बदलली आणि वर विचारले, "हे दिवसभर करतात काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर घरापासून पाऊण मैलावर होते. मुलांची पुस्तके परत करायला जाताना एकदा नानांना बरोबर नेले. त्या दिवसापासून आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत त्यांची खुर्ची ठरून गेली. सकाळी वर्तमानपत्रे, मंगळवारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग, गुरुवारी ज्येष्ठांसाठी खुर्चीवर बसून करायची योगासने. (शिकवणाऱ्या अमेरिकन बाईंचे उच्चार नानांनी दोन आठवड्यांत सुधारले!) तिकीट अलीकडे आणण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की पंधरा वर्षे या गावात राहून आपण लायब्ररी म्हणजे मुलांच्या गोष्टींची पुस्तके, एवढेच समजत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा! म्हणून या वेळच्या 'आरोग्य आणि अर्थ' सदरात या कळशात काय काय आहे ते सांगणार आहे.

फुकट नव्हे, पैसे भरलेले

'फुकट ते पौष्टिक' म्हणून हसू नका, कारण हे फुकट नाहीच. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार ज्या गावाची स्वतःची म्युनिसिपल लायब्ररी आहे, त्या गावाने घरांच्या बाजारभावानुसार काढलेल्या किमतीवर दर डॉलरला किमान एक तृतीयांश मिल इतका पैसा तिला द्यावा लागतो. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. सोप्या हिशेबात, घराची किंमत सहा लाख डॉलर असेल, तर वर्षाला सुमारे २०० डॉलर तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून लायब्ररीला जातात. भाडेकरूही घरभाड्यातून तेच भरत असतो. जिमची वर्गणी भरून न जाणारा माणूस निदान हळहळतो तरी. इथे आपण वर्गणी भरतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

कार्ड काढायला गावात राहत असल्याचा पुरावा लागतो. ड्रायव्हर लायसन्स, विजेचे बिल किंवा घराचा करारनामा चालतो. नागरिकत्व किंवा व्हिसा यांच्याशी त्याचा संबंध नाही. पाहुणे आलेल्या आईवडिलांच्या नावावर बिल नसते, तेव्हा काय चालेल ते काउंटरवर विचारावे. प्रत्येक गावाचा नियम थोडा वेगळा असतो. पण आत बसून वाचायला, बहुतेक वर्गांना आणि व्याख्यानांना कार्डही लागत नाही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. कोणी कोणते पुस्तक नेले, याची नोंद न्यू जर्सीच्या कायद्याने गोपनीय आहे. एखाद्या आजारावर चारचौघांत न बोलता वाचायचे असेल, तर संकोच करू नये.

एका काकांची गोष्ट

आता या लेखाचे खरे कारण. आपल्यातलेच एक काका एका वर्षी मे अखेर निवृत्त झाले. वय सहासष्ट. कंपनीचा विमा 'कोब्रा'खाली अठरा महिने स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो, तो त्यांनी ठेवला. "विमा तर आहे, मेडिकेअरचा पार्ट बी कशाला आत्ताच?" असा त्यांचा सरळ हिशेब.

हिशेब सरळ, पण चुकीचा. नोकरी चालू असताना मिळणारा कंपनीचा विमा असेल, तोवर पार्ट बी लांबणीवर टाकता येतो. नोकरी संपली की आठ महिन्यांच्या आत तो घ्यावा लागतो. कोब्रा हा नोकरी चालू असतानाचा विमा धरत नाहीत. काकांची मुदत जानेवारीत संपली आणि त्यांना कळलेही नाही. पुढच्या नोव्हेंबरात कोब्राही संपला. डिसेंबरात ते बर्फावर घसरले. पार्ट ए त्यांना विनाहप्ता मिळणारा होता आणि तो सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होऊ शकतो, म्हणून इस्पितळाचा मोठा खर्च निभावला. पण डॉक्टरांची बिले पार्ट बीमध्ये येतात, ती सगळी खिशातून गेली. कारण मुदत हुकली की पार्ट बीची नोंदणी जानेवारी ते मार्च याच काळात होते. त्यावर दंड वेगळा. उशिराच्या प्रत्येक पुऱ्या बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, राहते.

हे सगळे काकांना नीट समजले ते लायब्ररीच्या तळघरातल्या एका खोलीत, मेडिकेअरवरच्या मोफत सल्ल्याच्या दिवशी. असे सल्लागार 'शिप' या सरकारी योजनेतून येतात. ती प्रत्येक राज्यात आहे, फक्त काही राज्यांत तिचे नाव वेगळे आहे. सल्लागार प्रशिक्षित असतात आणि त्यांना कोणतीही पॉलिसी विकायची नसते. हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. दुपारच्या जेवणाचे आमंत्रण देऊन हॉटेलात जी 'माहिती' देतात, ती बहुधा विक्री असते. काकांचे नुकसान भरून आले नाही, पण दोन वर्षांनी काकू निवृत्त झाल्या तेव्हा त्या आधी तळघरातल्या त्या खोलीत जाऊन आल्या, मग कंपनीच्या कागदांवर सही केली.

तुम्ही किंवा जोडीदार पासष्टीला आला असाल, तर एवढे लक्षात ठेवा. पहिली नोंदणी सात महिन्यांची असते : पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. त्यानंतर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलता येतो. लायब्ररीतल्या सल्ल्याच्या वेळा ऑक्टोबर लागताच भरतात, म्हणून सप्टेंबरातच फोन करून ठेवावा.

आईवडील ग्रीन कार्डावर असतील तर

या बाबतीत गैरसमज फार. मुलाने इथे वीस वर्षे टॅक्स भरला, म्हणून आईवडिलांना मेडिकेअर मिळत नाही. ज्यांनी स्वतः किंवा जोडीदाराने इथे चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, काम केलेले नाही, अशा ग्रीन कार्डधारकाला पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षे इथे राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते. हप्ताही हलका नाही. २०२५ साली एकही तिमाही न भरलेल्याला पार्ट ए महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बी १८५ डॉलर होता. आईवडील दोघे असतील तर दुप्पट धरा. ही रक्कम बोलावण्याआधीच घरच्या अंदाजपत्रकात लिहून ठेवावी. पाच वर्षे पुरी होण्याआधी तीन महिने शिपच्या माणसाला भेटावे. तोवरच्या काळात मार्केटप्लेसवरून विमा घेता येतो का, किती पडतो, तेही तिथे विचारता येते.

टॅक्सचे दिवस

फेब्रुवारी ते मध्य एप्रिल या काळात अनेक लायब्रऱ्यांत टॅक्सचे फॉर्म मोफत भरून देतात. एक योजना आय.आर.एस.ची, तिला 'व्हीटा' म्हणतात. तिला उत्पन्नाची मर्यादा असते आणि ती दरवर्षी बदलते. दुसरी 'टॅक्स-एड', जी ए.ए.आर.पी. ही संस्था १९६८ पासून चालवते. त्यासाठी सभासद असावे लागत नाही आणि पन्नाशीच्या पुढच्यांकडे त्यांचा विशेष कल असतो. विद्यार्थी, नुकती नोकरी लागलेली मुले, पेन्शनवर असलेले आजी-आजोबा यांना ही सोय उत्तम.

मात्र आपल्यासारख्यांनी एक सावधगिरी घ्यावी. भारतातले उत्पन्न स्वयंसेवकासमोर आपणहून सांगायला हवे. 'एन.आर.ई. खात्याचे व्याज करमुक्त' हे भारतापुरते खरे. इथल्या रहिवाशाला ते अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवावेच लागते. भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी 'एफबार' नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो आय.आर.एस.च्या रिटर्नसोबत जात नाही, वेगळा ऑनलाइन भरायचा असतो. त्याची मुदत १५ एप्रिल असून ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. वडिलांबरोबर संयुक्त नावावर असलेले गावाकडच्या बँकेतले खातेही यात धरतात. भारतातले म्युच्युअल फंड असतील, तर प्रकरण मोफत केंद्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. तिथे जाणकार सी.पी.ए.ला पैसे द्यावे, ते वसूल होतात.

न्यू जर्सीतल्या पासष्टीपुढच्या घरमालकांसाठी आणखी एक. प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत देणाऱ्या अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एन.जे. या तिन्ही योजनांचा अर्ज २०२५ पासून एकच झाला. अर्ज न करणाऱ्याला घरबसल्या कोणी पैसे आणून देत नाही. अर्ज कुठे मिळतो आणि कोण समजावून सांगेल, ते संदर्भ विभागाच्या टेबलावर विचारा.

संदर्भ विभागाचे टेबल

हे टेबल म्हणजे लायब्ररीतली सर्वांत कमी वापरली जाणारी सोय. तिथला माणूस प्रश्न विचारण्यासाठीच बसलेला असतो, पण आपल्याला 'उगाच कशाला त्रास' अशी सवय. गाडी किंवा वॉशिंग मशीन घ्यायचे आहे? कन्झ्युमर रिपोर्ट्सचे अंक अनेक लायब्रऱ्यांत मिळतात. शेअर किंवा फंड तपासायचा आहे? व्हॅल्यू लाइन किंवा मॉर्निंगस्टार यांची महागडी वर्गणी पुष्कळ लायब्रऱ्या भरतात आणि कार्डावर ती घरूनही वापरता येते. लिबी हे ॲप फोनवर घेतले, तर पुस्तके आणि ऐकायची पुस्तके घरपोच. डोळे अधू झालेल्या आजींसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तके वेगळ्या कपाटात असतात. काही लायब्रऱ्या तर रक्तदाब मोजायचे यंत्रही पुस्तकासारखे घरी देतात.

आजाराची माहिती शोधताना ग्रंथपाल बहुधा प्रथम 'मेडलाइनप्लस' उघडून देतात. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि काही पत्रके हिंदीतही आहेत. एक मर्यादा मात्र ओळखावी. ग्रंथपाल वैद्य नव्हे, वकील नव्हे, गुंतवणूक सल्लागारही नव्हे. विश्वासाची माहिती कुठे आहे ते तो दाखवील, निर्णय आपला.

आणि मराठी पुस्तके?

एका गोष्टीची गंमत वाटते. बडोद्याचे सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत आले, इथल्या सार्वजनिक लायब्रऱ्या त्यांच्या मनात भरल्या आणि १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला नेले. संस्थानात गावोगावी वाचनालये झाली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. जे पाहायला महाराज सातासमुद्रापार आले, ते आपल्या घराच्या कोपऱ्यावर आहे!

दुसरी गंमत पीएल ४८० ची. ज्या योजनेखाली अमेरिकन गहू आपल्या रेशनवर आला, त्याच योजनेतल्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके, मराठीसुद्धा, विकत घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांत पाठवली गेली. त्यामुळे पुण्यात दुर्मीळ झालेले पुस्तक इथल्या एखाद्या विद्यापीठात सापडू शकते. आपल्या गावच्या लायब्ररीत 'इंटरलायब्ररी लोन' मागा. पुस्तक दुसरीकडून येते, बहुधा पैसे न पडता.

शेवटी एक विनंती. लायब्ररीला काय हवे ते मागणाऱ्यांच्या संख्येवरून कळते. मराठी पुस्तके हवीत, ज्येष्ठांचा वर्ग हवा, तर विनंतीपत्रक भरा. लायब्ररी बोर्डाच्या सभा सर्वांना खुल्या असतात, वर्षातून एकदा तरी जाऊन बसा. मार्च २०२५ मध्ये ग्रंथालयांना मदत देणारी केंद्रीय संस्था गुंडाळण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला, तेव्हा ही सोय आपोआप टिकत नाही, हे सर्वांच्याच लक्षात आले.

नाना पुढच्या उन्हाळ्यात परत येत आहेत. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नातवंडांबद्दल. दुसरा, "माझं कार्ड चालू आहे ना रे अजून?"

या शनिवारी तुम्हीही आपापले कार्ड काढून या. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना बरोबर न्या.