दगडावरची नावे

मी जुन्या वळणाचा माणूस. सरकारी पैशाने कला पोसावी, हे मला फारसे रुचत नाही. २६ जानेवारीला टीव्हीवर शहीद जवानाची आई दाखवतात, सनई वाजते, माझेही डोळे भरून येतात. तासाभराने मालिका सुरू! जवानाचे नाव विचाराल तर घरात कुणाला आठवत नाही.

कोरेगावचा स्तंभ मात्र कंपनी सरकारच्या खर्चानेच उभा राहिला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची ‘नाक’ लागलेली नावे त्यावर कोरली आहेत. पुढे इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली, पण दगडावरची नावे राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

एवढ्या खर्चाला माझी हरकत नाही. मुलांना तिथे न्याल, तेव्हा एकेक नाव मोठ्याने वाचून घ्या.